शेवटच्या स्टेशनातली लूप लाइन

अब्बांच्या कॉम्प्युटरवर रेल्वेचा तो खेळ मीच घालून दिला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! रिटायर झाल्यापासून ते भर उन्हात लातूरची जुनी छोटी लाइन शोधत भटकायचे. ती उखडून सहा-सात वर्षं झाली होती. तिच्या जागेवर आता रस्ता, पोरींची होस्टेलं आणि मेडिकलचे क्लास. त्यातल्याच एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवते. 'मकसूद चावीवाल्याची लुबना' म्हणून जुनी माणसं मला अजून ओळखतात. चावीवाला म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्यानं ठोकत रोज आपली हद्द चालणारा माणूस. पुण्याहून आलेल्या सरांना वाटतं, आमचं कुलुपांचं दुकान होतं.

पंधरा दिवस सुखात गेले. खेळात अब्बांनी सगळी छोटी लाइन अंथरली, सिग्नल उभे केले, बाभळी लावल्या. मग एका दुपारी बघते तर लाइन दक्षिणेला वळलेली, औशाच्या पुढं, किल्लारीच्या बाजूला.

"अब्बा, तिकडं रेल्वे कधी होती?"

"नव्हती. म्हणून तर टाकून राहिलो."

लाइन उद्धवकाकांच्या गावाला चालली होती. उद्धवकाका अब्बांच्या शेजारच्या हद्दीचे चावीवाले. हिवाळ्यात माझ्यासाठी खिसा भरून हुरडा आणायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गावातल्या घराखाली गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

गावापर्यंत रूळ पोचले, पण तिथं लूप जुळेना. मुख्य लाइनीतून निघून पुन्हा तिलाच मिळणारी ती एवढीशी बाजूची लाइन, पण तिचं दुसरं टोक लावलं की लाल व्हायचं. जमीन समतल नाही, असं खेळ सांगायचा. तीन दिवस अब्बा जेवणावरून अर्धवट उठत होते. माझं डोकं फिरलं.

"एक लूप नाही जुळली तर आभाळ कोसळतं का? राहू द्या सरळ लाइन!"

"शेवटच्या स्टेशनात लूप नसली तर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावता येत न्हाई, बेटा. गाडी जाईल, पण येणार न्हाई. मला त्याला आणायचंय."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. अब्बा पडद्याकडं बघतच बोलत राहिले.

"विसर्जनाला गावी मीच पाठवलं त्याला. तो न्हाई म्हणत होता. मी म्हणलो, जा, लेकरं वाट बघतेत, तुझी हद्द मी चालतो. पहाटं जमीन हादरली. उजाडल्यावर रूळ बघत निघालो. त्याच्या हद्दीपाशी आलो अन् सवयीनं दोन ठोके मारले."

ही त्या दोघांची रीत मला ठाऊक होती. हद्दीवर आधी पोचेल त्यानं रुळावर दोन ठोके मारायचे. पलीकडच्यानं दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर झालं की दोघांनी एकमेकांना भेटेपर्यंत चालत जायचं.

"उत्तर आलं, लुबना. रुळाला कान लावून ऐकलं मी. दोन ठोके. मला वाटलं, उद्धव परत आला. भेटायला पुढं न जाता, त्याची हद्द न चालता मी माघारी फिरलो, च्या प्यायलो. किल्लारीची बातमी आली, समदे तिकडं पळाले. मी निवांत. उद्धव तर इकडं हाय म्हणून." अब्बांनी ओठ पुसले. "तिसऱ्या दिवशी त्याच्या गावचे लोक भेटले. म्हणले, त्याच्या घराखालून दुपारपर्यंत ठोकल्याचा आवाज येत होता. दोन-दोनदा. मग थांबला."

"चाळीस किलोमीटरवरून रुळात आवाज येतो का, अब्बा? गावात तर रूळही नव्हते."

"तेच सांगून राहिलो मनाला एकवीस वर्षं. भास होता, मकसूद. भास असल तर माझा गुन्हा न्हाई. खरं असल तर..."

दुसऱ्या दिवशी क्लास संपवून मीच माउस हातात घेतला. गावातली सगळी जमीन खरवडून सपाट केली. घरं पाडताना कसंतरीच झालं. लूप जुळली.

अब्बांनी लातूरहून गाडी सोडली. मला पेपर तपासायचे होते, म्हणून स्पीकरची पिन मी आधीच काढून ठेवली होती. गाडी गावात थांबली. इंजिन सुटलं, लूपवरून सावकाश फिरून आलं आणि दुसऱ्या टोकाला लागलं.

तेव्हाच दोन ठोके पडले. लोखंडावर लोखंड. फरशीच्या खालून. टेबलावरचा माझा लाल पेन घरंगळत खाली पडला.

अब्बा माझ्याकडं वळले. निकालाच्या सकाळी माझ्या क्लासमधल्या पोरींचे असतात तसे डोळे.

"तुला आलं का ऐकू?"

खोटं बोललं की मला चटकन पकडायचे ते. त्या दिवशी नाही पकडलं.

"नाही, अब्बा. कसला आवाज?"

त्यांनी लांब श्वास सोडला. "मग भासच," म्हणाले. गाडी लातूरला आणून लावली, कॉम्प्युटर बंद केला, आणि किती दिवसांनी भाकरी मागून खाल्ली. मला रडू फुटलं, ते मी कांद्यावर ढकललं.

तो खेळ त्यांनी पुन्हा उघडला नाही. उन्हात भटकणंही सुटलं. आता मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांसोबत हसतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात.

आमचा क्लास त्याच जुन्या लाइनीच्या जागेवर आहे. शिकवता शिकवता पायाखालून दोन ठोके येतात. दोनशे पोरी खाली मान घालून लिहीत असतात, एकीलाही ऐकू जात नाही. मी खडू फळ्यावर दोनदा आपटते. पोरींना वाटतं, मॅडमची सवय आहे.

उत्तर दिलं की चालत जायचं असतं. कुठवर, ते अब्बांना आता विचारता येत नाही.