बाबांना ऐकू येणारी टकटक

टक.

मग काहीच नाही. मग रस्ता खडबडीत झाला की टक-टक, आणि पुन्हा सगळं चिडीचूप. बाबा सांगायचे तेव्हा बोटाचं पेर टेबलावर आपटून दाखवायचे. "असं. खालून येतं. माझ्या पायाशी नाही, जरा पलीकडे."

"अहो, टेबल फोडू नका," आई म्हणायची. "एक खटारा पुरे आहे घरात."

खटारा म्हणजे बाबांची जुनी फोर-व्हील जीप. जमीन मोजणाऱ्या खात्यात ते आयुष्यभर ड्रायव्हर होते. जिथून पायवाटसुद्धा कंटाळून परत फिरते, तिथे त्यांनी साहेबांना दुर्बिणीसकट नेऊन सुखरूप आणलं होतं. खात्यानं जीप मोडीत काढली तेव्हा बाबांनी तिला घरी आणलं. निवृत्तीनंतर रोज सकाळी खाणीच्या रस्त्यानं एक फेरी, शेजारी आई. मग आईच्या गुडघ्यांनी संप केला आणि जीपची पायरी तर चांगलीच उंच. "त्या उंटावर मला आता चढवत नाही," असं जाहीर करून ती घरी राहिली आणि बाबा एकटे जाऊ लागले.

टकटक त्यानंतर केव्हातरी सुरू झाली. नक्की केव्हा, ते कुणी विचारलं नाही.

गाडीखाली गेल्यावर

थोरलीला बरं वाटायचं. ही बाबांची मोठी मुलगी. गॅरेज तिचं आणि भोंग्याचं मिळून. भोंग्याला हळू बोलता येत नसे, म्हणून भोंगा. बाकी माणूस सोन्यासारखा.

आवाज शोधायचा तर दोघांनी जायचं, ही त्यांच्या गॅरेजची शिस्त होती. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. शिस्त मूळ बाबांचीच. "चालवणाऱ्याचे कान त्याच्या हातांना मदत करत बसतात," ते तिला लहानपणी सांगायचे, "म्हणून शेजारी एक मोकळं माणूस पाहिजे." त्या शिस्तीवर थोरलीनं नाव कमावलं होतं. लोक लांबून आवाज घेऊन तिच्याकडे यायचे.

तर तिनं चालवली, बाबांनी ऐकलं. काही नाही. बाबांनी चालवली, तिनं ऐकलं. काही नाही. भोंग्याला बसवलं, तर तो स्वतःच इतका वाजत होता की बाबांनी त्याला वाटेत उतरवायची धमकी दिली. घरून गॅरेजला ती एकटीच न्यायची, पण तेव्हा शेजारच्या सीटवर तिची लोखंडी हत्यारपेटी असायची. मागे ठेवली तर घसरत फिरायची ना.

तिनं स्प्रिंगचे पाटे उतरवून त्यांचे रबरी बुश बदलले. शॉकअप बदलले. मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या शाफ्टचा क्रॉस बदलला, जुना अजून कितीतरी चालला असता तरी बदलला. इंजिनाखालचे रबर नवे घातले. प्रत्येक वेळी बाबा दुसऱ्या दिवशी फोन करायचे, आणि अपराध्यासारखे आधी इकडचं तिकडचं बोलायचे.

"जेवलीस का?"

"जेवले. वाजतंय का?"

"हं. म्हणजे, थोडंसं."

"तुला एक सांगू का, राग नाही ना येणार?" भोंग्यानं एकदा गॅरेजमध्ये विचारलं.

"येईल. सांग."

"गाडी ठणठणीत आहे."

"हळू बोल, भोंग्या. गिऱ्हाईक बसलंय."

"हळूच बोलतोय. काका रोज एकटे फिरतात, काकू येत नाहीत. माणसाला मग काहीतरी लागतं बोलायला. दर रविवारी तू जातेस की नाही आता? आधी जात होतीस?"

"म्हणजे ते खोटं बोलतात?"

"खोटं कोण म्हणतंय! त्यांना ऐकू येतच असेल. आपल्याला नाही येत एवढंच."

थोरलीला राग आला नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. सगळं खोलून जोडून हात टेकलेल्या मेकॅनिकला ऐकणाऱ्याचा कान बिघडलाय म्हटल्यावर केवढं हलकं वाटतं!

बाबांनी जीप भर वळणावर थांबवली

आणि खाली उतरून, गुडघे टेकून, कान चाकाच्या मागे लावला. मागून लॉरी आली. लॉरीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्यानं जे शब्द वापरले ते बाबांनी घरी सांगितले नाहीत, पण लॉरीवाला धाकट्याच्या ओळखीचा निघाला, त्यामुळे ते शब्द घरी पोचलेच.

धाकटा म्हणजे थोरलीचा भाऊ. आईबाबांच्या घरातच राहतो, त्यांचं औषधपाणी बघतो, आणि सतत घाबरलेला असतो.

मग सगळे बसले, आणि असं झालं

"ताई, तू मेकॅनिक आहेस," धाकटा म्हणाला. "तू सांग. आवाज आहे की नाही? असेल तर दुरुस्त कर, बाबांना चालवू दे. नसेल तर मी किल्ली ठेवून घेतो. यांना नसलेलं ऐकू येत असेल, तर असलेलं दिसेल कशावरून?"

बाबांनी थोरलीकडे बघितलं. शाळेच्या ऑफिसात उभं केलेलं मूल आपल्या माणसाकडे बघतं तसं.

"गाडीत काही नाही," थोरली म्हणाली.

बाबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

किंवा असं व्हायला हवं होतं

"ताई, तू सांग. आवाज आहे की नाही?"

"मला सापडला नाही."

"म्हणजे नाही ना?"

"सापडला नाही म्हटलं. नाही असं कुठे म्हटलं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं असतं आणि

एवढंच. याच्या पुढे थोरलीला ते मनातसुद्धा कधी नेता आलं नाही, कारण बाबांचा चेहरा कसा झाला असता ते तिला माहीत होतं.

किल्ली गेल्यावर

बाबा शहाण्यासारखे वागू लागले. सगळ्यांना तेच हवं होतं. पंखा आवाज करतोय का, असं आईनं विचारलं तर म्हणायचे, "तू सांग बाई, माझं काही खरं नाही." एकदा पोस्टमन दार वाजवून वाजवून निघून गेला. बाबा दाराशेजारच्याच खुर्चीत बसले होते.

"अहो, ऐकू नाही आलं?"

"आलं की. मला वाटलं, माझं मलाच येतंय."

आईनं हे थोरलीला फोनवर हसत सांगितलं. सांगता सांगता तिचं हसू मध्येच कुठेतरी राहिलं.

बॅटरी उतरू नये म्हणून

थोरली अधूनमधून जीप फिरवून आणायची. एरवी कामावरून येताना पेटी बरोबर असायचीच. त्या दिवशी ती सरळ आईकडून निघाली. दुरुस्त करायचं काही नव्हतं, म्हणून हत्यारपेटी आणलेली नव्हती. बाबा आत झोपले होते. ती खाणीच्या रस्त्याला लागली.

टक.

तिनं पाय उचलला.

टक-टक.

खालून. पायाशी नाही, जरा पलीकडे.

तिनं गाडी थांबवली नाही, आणखी खड्ड्यांत घातली. टक-टक-टक. वाकून शेजारच्या सीटवर हात दाबला. गप्प. हात उचलला. टक. पुन्हा दाबला. गप्प. ही सीट पुढे उलटायची असते, खाली जॅक ठेवायची जागा आहे. मागून तिला धरणारी खिट्टी झिजली होती. कुणी बसलेलं असलं की सीट जागच्या जागी. कुणी नसलं की खड्ड्यात मागचे पाय उचलले जायचे आणि पत्र्यावर पडायचे.

कुणी नसलं की. आणि तिनं प्रत्येक वेळी कुणाला ना कुणाला बसवलं होतं. बाबांना, भोंग्याला, ते नसतील तेव्हा पेटीला. आवाज शोधायला म्हणून ती आवाजावरच माणूस बसवत आली होती.

खाणीपाशी थांबून तिनं सीट पुन्हा एकदा उलटून बघितली. खिट्टीखाली रबराचा एक तुकडा सारला की काम झालं असतं. तिनं सारला नाही. बाबांना आधी ऐकू दे.

"म्हणजे मी बसत नव्हते म्हणून?"

आई म्हणाली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या गुडघ्यांकडेच बघत राहिली. "मग मी कशीही चढले असते गं. स्टूल ठेवून चढले असते."

"आई, तुझा काय दोष त्यात?"

"दोष कोण म्हणतंय. चढले असते म्हणते."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं

सीट, पाय, खिट्टी, पत्रा. मध्येमध्ये मान हलवली.

"असेल," ते म्हणाले.

"असेल काय, आहे! चला, तुम्ही चालवा. एकटे. मी इथेच उभी राहते."

"एकटा? नको. हात बसत नाही आता."

"धाकट्याला मी सांगते."

"त्याचं काही नाही गं. तो नाही म्हणत नाहीये. मीच म्हणतोय."

"बरं, मी चालवते. तुम्ही मागे बसून ऐका."

"मागे? मी काय सामान आहे?"

हे बाबांचं जुनं बोलणं होतं. तिला आशा वाटली. पण ते सरळ पुढे गेले, दाराचा दांडा धरून कष्टानं वर चढले आणि त्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला. काय करणार? तिनं गाडी काढली आणि एकही खड्डा सोडला नाही. जीप खडखडली, कुरकुरली, म्हाताऱ्या गाडीनं करावं ते सगळं तिनं केलं. टक मात्र केलं नाही.

थोरलीनं रस्त्याकडेला जीप उभी केली. "उतरा बाबा, खालूनच बघा." ते उतरले. तिनं सीट मागून धरून हलवली. टक-टक. टक-टक-टक. "हाच ना? बाबा, हाच ना तो?"

बाबा ऐकत होते. डोळे बारीक झाले, मान किंचित कलली, गाडीचं ऐकताना आयुष्यभर कलायची तशी. क्षणभर तिला वाटलं, आले. आले परत.

मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून सीट थांबवली.

"हलवलं तर काहीही वाजतं, पोरी."

"बाबा, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मी एकटी होते."

"एकटीच होतीस ना," बाबा म्हणाले. अगदी प्रेमानं, समजावणीच्या सुरात. "तसं येतं ऐकू. मलाही यायचं. तू आता फार लावून नको घेऊस."

आणि पुन्हा चढायला त्यांनी तिचा खांदा मागितला.