नाळेचं रक्त

"बाटली कुठाय, कस्तुरा?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तशी कस्तुरानं वळून पाहिलं. टेबलावरची बाटली होती तशीच, कोरडी ठणठणीत.

कासारवाडीच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात आया म्हणून लागण्याआधी तिनं चऱ्होलीत वीस वर्षं सुईणपण केलं होतं. आज डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकल्या आणि इकडे नीला आठव्या महिन्यातच बाळंत झाली. ओंजळीएवढं पोर! कस्तुरानं त्याला रडवलं, नाळ दोन ठिकाणी बांधून मधे कापली, कापसात गुंडाळलं. मग सवयीच्या हातांनी नाळेसकट पडलेली वार मडक्यात घालून नीलाच्या सासूला, चतुराबाईंना, पुरायला दिली. सुईण तेच करते. नाळेचं रक्त बाटलीत घ्यायचं, हे सकाळी चारदा बजावलेलं, साफ डोक्यातून गेलं.

नीलाचं रक्त निगेटिव्ह होतं. पहिलं मूल पिवळं पडून चौथ्या दिवशी गेलं होतं. नाळेचं रक्त तपासलं की या बाळाचं रक्त बदलावं लागेल का, ते वेळेवर कळणार होतं.

"आता बाळाच्या अंगातून काढू? आहे किती त्याच्या अंगात?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चिरकला.

"बाई, चुकलं माजं. आत्ता आणते वार."

कस्तुरा धावत सुटली. नीलाचं घर दोन गल्ल्यांपलीकडे. चतुराबाई परसात खड्ड्यापाशी बसल्या होत्या. मडकं आत ठेवून, हळदकुंकू वाहून माती लोटणार, एवढ्यात ही ओरडली, "थांबा! दाक्तरीणबाईंनी मागवलीया!"

"खड्ड्यात ठिवलेली वार वर काढायची? येडी का खुळी तू? पयलं गेलं, आता ह्ये बी घालवायचंय व्हय?"

"त्ये जगावं म्हनूनच आलेय. जे काय व्हईल ते माज्या डोक्यावर."

चतुराबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग स्वतःच वाकून मडकं उचललं आणि तिच्या पुढे चालायला लागल्या.

वारेकडच्या बांधलेल्या नाळेतून बाटलीपुरतं रक्त निघालं. देवच पावला! बाळाचं रक्त पॉझिटिव्ह निघालं आणि कावीळ आतल्या आत चढायलाही लागली होती. त्याच संध्याकाळी बाळ पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलं. नीलाच्या नवऱ्याच्या, ज्ञानदेवच्या कंपनीतला एक फिटर शिफ्ट टाकून रक्त द्यायला आला. त्याचं रक्त जुळलं. बाळाचं रक्त बदललं आणि पोर तगलं.

दोन महिन्यांनी बारसं झालं. चतुराबाईंनी कस्तुरापुढे लुगडं ठेवलं. "तुजे उपकार कसे फेडू गं बाई?"

कस्तुराला ते घेववेना. डोळे भरून आले. "नका देऊ. रक्त घ्यायचं मीच इसरले व्हते. दाक्तरीणबाईंनी न्हाई धाडलं मला. माज्यापायी पोर गेलं असतं तुमचं."

"ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"त्याच दिशी. धाडलेल्या मान्साचं तोंड आसं पांढरंफटक नसतं. मी बी सा पोरं वाढवली, कळतं मला." चतुराबाईंनी लुगडं पुन्हा तिच्याकडे सरकवलं. "दडवून गप बसली असतीस तर आमाला कुठं कळनार व्हतं?"

कुणी एवढं ओळखून, एवढं पोटात घालून वागवेल असं कस्तुराला आयुष्यात वाटलं नव्हतं.

पाळण्यात बाळ कुरकुरलं. चतुराबाईंनी ते उचललं आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"धर जरा. मला चुलीवरचं बघायचंय."

आणि मागं वळूनही न पाहता त्या आत गेल्या.