पालथा डोंगा

पालथा दिसतो म्हणून मला मेलेला समजू नका. मी डोंगा बोलतोय. तलावाच्या पाळीवर, जांभळीखाली, तळ आभाळाकडे करून पावसाळाभर पडलेला असतो, तोच मी. पालथ्या घड्यावर पाणी, असं तुम्ही लोक मूर्खाबद्दल म्हणता. पालथ्या डोंग्यावर मात्र चार महिने पाणी पडतं आणि तो शहाणा होत जातो. काम नसतं, कान उघडे असतात, आणि गावाला गप्पा मारायला माझ्याच पाठीवर बसायचं असतं.

जन्मानं मी मोहाचं झाड. आलापल्लीकडच्या जंगलाला लागून एका शेताच्या धुऱ्यावर उभा होतो. एका वैशाखात वादळ आलं आणि मी आडवा झालो. मालक मला जळणाला विकणार होता. तेवढ्यात लटारू आला. लटारू म्हणजे या गावचा ढिवर, मासोळ्या धरणारा. त्यानं माझ्यावर हात फिरवला, बुंध्याशी नारळ फोडला आणि म्हणाला, "फुलं देल्ली, फळं देल्ली. आता आनखीन एक काम कर बाबा, आमाले पान्यावर धर."

मग त्यानं लाकूड तासायचा वाकस चालवला. पोटात विस्तव ठेवायचा, जळालेलं तासून काढायचं, परत विस्तव ठेवायचा. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण जळणाला गेलो असतो तर एका हिवाळ्यात राख झालो असतो. लटारूनं मला दुसरा जन्म दिला, आणि खरं सांगू, पहिल्यापेक्षा चांगला दिला. झाड असताना मी एकाच जागी उभा राहून सगळ्यांना येता-जाताना बघायचो. डोंगा झालो आणि मीही जाऊ-येऊ लागलो.

पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा लटारूच्या बायकोनं, गोकुळानं, मला हळदीकुंकू लावलं होतं. त्यानंतर किती पावसाळे गेले ते मला मोजता येत नाही. लटारू गेला. आता त्याचा थोरला घनश्याम माझ्यात उभा राहून बांबू रेटतो. तो बापासारखाच, कमी बोलणारा. धाकटा पिंटू अगदी उलटा. त्याचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मनानं साफ. माझ्या तळाला डांबर लावायचं काम तोच करतो, आणि कधी हात आखडत नाही. माझ्यासारख्या लाकडाला याहून जास्त काय हवं?

आता आमच्या तलावाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

मृग लागला की मासोळ्यांच्या पोटात अंडी भरतात. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत इथं कुणी जाळं टाकत नाही. आमच्याकडे म्हणतात, तलाव बाळंत आहे. डोंगे पाळीवर पालथे घालतात, ढिवर मंडळी धानाच्या रोवणीला मजुरीनं जातात. आणि बाळंतिणीच्या खोलीत जसं डोकावायचं नसतं, तसं या दिवसांत तलावाच्या पोटात काय आहे तेही बोलायचं नसतं. बोललं की नजर लागते. कुणी विचारलंच तर एकच उत्तर द्यायचं, "काई नाई, नुसतं पानी हाय." लेकरांनासुद्धा हे पाठ असतं.

दोन वर्षांमागं गावात बातमी आली की इथून जवळच युरेनियम शुद्ध करायचा कारखाना येणार. पिंटू खूश झाला. माझ्यावर बसून पाय हलवत म्हणाला, "माय, नौकरी भेटंल. कोळशाच्या खदानीत मजुरीले जाचं काम नाई."

गोकुळा जाळ्याची गाठ मारत होती. तिची बहीण राजुऱ्याकडे दिलेली, खाणीच्या शेजारी. "सुमनच्या घरी जाऊन पाय," ती म्हणाली. "वाळत घातलं लुगडं संध्याकाळी काळं होते. तो कोळसा तरी डोळ्यानं दिसते बापा. हे कारखान्याचं तं, म्हनते, दिसतच नाई."

हळूहळू आणखी कळत गेलं. कारखान्याचा उरलेला गाळ साठवायला एक मोठं तळं खोदणार होते, आणि त्याची जागा ठरली होती आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला. पाऊस जास्त झाला की वरचं पाणी कुठं येतं, हे सांगायला डोंगा लागत नाही. याच पाण्यावर खालचं धान पिकतं, गुरं जगतात, आणि बाजूची विहीर भरते. सगळं गाव तिचंच पाणी पितं.

गेल्या वर्षीच्या श्रावणात पाहणी करायला माणसं आली. त्यांच्यात ज्योत्स्ना नावाची एक मुलगी होती. पाण्याच्या बाटल्या भरायची, विचारायची, लिहून घ्यायची. हसरी होती, चिखलात चप्पल अडकली तर हातात घेऊन चालायची. तिनं माझ्या पाठीवर कागद ठेवले आणि धानाच्या बांधीतून येणाऱ्या घनश्यामला हाक मारली. तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला होता.

"भाऊ, हा डोंगा कुणाचा?"

"माहाच जी."

"चालतो का?"

"आता कायचा चालते. पडून हाय."

"आणि तलावात मासे आहेत?"

घनश्यामनं तलावाकडे पाहिलं. कमळाच्या पानांखाली कुणीतरी शेपटी हलवली होती, मला कळलं, त्यालाही कळलं. पण श्रावण होता.

"काई नाई जी," तो म्हणाला. "नुसतं पानी हाय."

तिनं लिहून घेतलं. माझ्याच पाठीवर लिहिलं. पेनाची टोचणी मला जाणवली, पण तिच्यात केवढं विष आहे ते तेव्हा मला कळलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात त्या पाहणीचा अहवाल ग्रामपंचायतीत आला आणि जनसुनावणीची तारीख लागली. पिंटूनं अहवाल आणला आणि माझ्यावर बसून मोठ्यानं वाचला. लिहिलं होतं, तलाव वापरात नाही. डोंगा मोडीत पडलेला. स्थानिक मच्छीमार घनश्याम यांनी तलावात काहीही नसल्याचं सांगितलं. म्हणून गाळाच्या तळ्यामुळे कुणाच्या पोटापाण्यावर परिणाम होणार नाही.

 सगळे घनश्यामकडे बघत होते आणि घनश्याम जमिनीकडे. त्याची बायको भरल्या दिवसांची होती. याच विहिरीचं पाणी तिच्या पोटात जात होतं. तो नुसता एवढंच म्हणाला, "म्या तं रीत पाळली."

पिंटू उसळला. "हातच्या काकनाले आरसा कायले? डोंगा पान्यात घाला. जाळं टाका. टोपलंभर मासोळी नेऊन साहेबाच्या पुढी वता!"

दोघं-चौघं पोरं उठलीसुद्धा. माझ्या कडेला हात लागले. मी मनातल्या मनात ओरडलो, पण लाकडाचं कोण ऐकतं? ऐकलं ते गोकुळानं. ती येऊन सरळ माझ्यावर बसली.

"अंड्यावरची मासोळी मारशीन आन तलाव वाचोशीन?" ती म्हणाली. "मंग त्या कारखानावाल्यात आन तुह्यात फरक काय रे?"

पिंटूनं पोरांना मागं सारलं.  मग म्हणाला, "मंग निदान डोंगा तं नेऊ देशीन? मोडला नाई, हे तरी पायतीन."

"ने," गोकुळा म्हणाली. "पन पालथाच ने. सुलटा कराचा नाई."

माणसं मेल्यावर खांद्यावर जातात, मी जिवंतपणी गेलो. भादव्याची रिपरिप चालू होती, आठ-दहा पोरं माझ्याखाली, त्यांची डोकी माझ्या पोटात. त्यांना छत्रीही झाली आणि मला वरातही. सुनावणीच्या मांडवाच्या तोंडाशी पोलिसानं अडवलं. "हे काय घेऊन राह्यले?"

"हा बी गावकरीच हाय साहेब," पिंटू म्हणाला. "याचं बी नाव त्या कागदात हाय."

पोलीस हसला आणि बाजूला झाला. त्याचेही मी आभार मानतो. तो इथलाच कुणाचा तरी मुलगा असणार.

सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांच्या टेबलापुढं मला पालथं ठेवलं. कारखान्याच्या बाजूनं एकजण बराच वेळ बोलला. धूळ मर्यादेच्या आत राहील, पाणी मर्यादेच्या आत राहील, किरणंही मर्यादेच्या आत राहतील. बायकांनी विचारलं, किडनीचं काय? पोटातल्या लेकराचं काय? तेही मर्यादेच्या आत, असं उत्तर आलं.

गोकुळा उठली. "मर्यादा कोन राखन जी?" तिनं विचारलं. "तुमी राखान, हे मानलं. पन तो गाळ राखन का? तुमची बदली झाली तं तुमी जासान. तो तं इथीच राहीन."

मांडवात हलकासा हशा झाला. साहेब शांत माणूस होते. म्हणाले, "आजी, पण तुमच्याच मुलानं सांगितलंय की तलावात काही नाही."

घनश्यामनं मान वर केली. मांडवाबाहेरच्या पावसाकडे पाहिलं. भादवा होता ना. बोलला तर रीत मोडते, न बोलला तर तलाव जातो. त्याचा एक हात माझ्या कडेवर होता.

गोकुळानं तलावाच्या दिशेला तोंड केलं, पदर दोन्ही हातांत धरला आणि वाकून नमस्कार केला. "माय, माफी दे," असं पुटपुटली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"हाय. समदं हाय. मरळ हाय, दाढक हाय, बोटरी हाय, शिंगूर हाय, झिंगे हायत. आता अंड्यावर हायत, म्हून आमी नाव घेत नाई. माह्या पोरानं खोटं नाई सांगतलं, त्यानं रीत पाळली. रीत म्या मोडली, आज, इथी. दोस लागन तो मले लागो."

ढिवराच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एवढ्या वर्षांत भादव्यात ती नावं कुणी ऐकली नव्हती. मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आन हा डोंगा मेला नाई, झोपला हाय. झोपलेल्याले मेला म्हून लिवलं, तं काय त्याले सरनावर ठेवाचं जी?"

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी उठलं. ज्योत्स्ना होती. कारखान्यानं नेमलेल्या लोकांपैकीच ती, तिनं गप्प बसणं सोयीचं होतं. तिच्या शेजारच्यानं तिची बाही ओढलेली मी पाहिली. तरी ती बोलली. "सर, मी विचारलं, भाऊंनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांचे ते दिवस बोलण्याचे नव्हते, हे मला माहीत नव्हतं. ही पाहणी परत करायला हवी."

साहेबांनी तसं नोंदवून घेतलं. दसऱ्यानंतर तलावाची परत पाहणी होईल आणि तोवर गाळाच्या तळ्याची जागा ठरणार नाही, असं सांगितलं. कारखाना गेला, असं नव्हे. अजूनही नाही. पण एवढी सवड मिळाली, आणि उपकार मोजायला बसलो तर मला हीही लहान वाटत नाही.

परवा दसरा झाला. काल सकाळी गावदेवी मातामायला नारळ फोडून मला सुलटं केलं. पिंटूनं नवं डांबर लावलंच होतं. पाणी पोटाखाली आलं आणि चार महिन्यांचा सगळा जडपणा उतरला. ज्योत्स्ना माझ्यात बसली, दोन्ही कडा घट्ट धरून. घनश्यामनं बांबू रेटला. तलावाच्या मध्यावर तिनं विचारलं, "भाऊ, आता सांगा, तलावात काय आहे?"

घनश्याम हसला. "आता सांगाचं नाई जी, दाखवाचं," म्हणाला आणि जाळं फेकलं.

जाळं भरून आलं. तिनं सगळ्यांची नावं विचारून लिहिली, तीही माझ्या पोटात बसून. या वेळी पेन टोचलं नाही.

पाळीवर चूल मांडली. पहिल्या मासोळीचा रस्सा आणि नव्या, लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाचा भात. पहिलं ताट गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या ढिवरणीचं, अशी इथली पद्धत. गेली काही वर्षं ते ताट गोकुळाचं असतं आणि ती काटे वेचत, डोळे मिटून जेवते. घनश्यामनं ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उचलून ज्योत्स्नापुढं सरकवलं आणि स्वतः आंबाडीची भाजी वाढून घेतली.

"माय, हे काय?" घनश्यामनं विचारलं.

"म्या रीत मोडली ना. एक साल मासोळी नाई," ती म्हणाली, जशी काही रोजचीच गोष्ट.

ज्योत्स्नाचा घास हातातच राहिला. पिंटूनं तोंड फिरवलं.

"खा व बाई, थंडा होते," गोकुळा तिला म्हणाली. "पुढच्या दसऱ्याले खाईन म्या. तवरी तलाव राह्यला पायजे, बस."

आता मी जांभळीच्या मुळाला बांधलेला आहे, पाण्यावर डुलतोय. ज्यानं मला घडवलं त्याचा, ज्यांनी मला खांद्यावर घेतलं त्यांचा आणि जिनं पोटातल्या लेकरांसारखी मासोळ्यांची नावं राखली आणि वेळ आली तेव्हा घेतली, तिचा मी ऋणी आहे. एवढ्या ऋणात लाकूड बुडायला हवं होतं, पण मी तरंगतोय.

तुमच्यापैकी जे कुणी आमच्याबद्दल कागदावर लिहिणार असाल, त्यांना एक मागणं आहे. माझं नाव लिहू नका, चालेल. एवढंच लिहा, की इथं तलावाच्या पाळीवर एका म्हातारीचं ताट वाढायचं राहिलं आहे.