संभाजीचा पाचशेवा

फ्लेक्स छापून आला तेव्हा संभाजीच्या नावावर चारशे नव्व्याण्णव बळी होते आणि फ्लेक्सवर पाचशे छापले होते. आपल्याकडे हे असंच चालतं. माणसाचं काम व्हायच्या आधी त्याचा सत्कार ठरतो, शाल आणून ठेवतात, हाराची ऑर्डर जाते, आणि मग त्या माणसानं ते काम करायचं, नाहीतर तोंड लपवायचं. वारज्याच्या मैदानावर तंबूमागे दोन बांबूंना तो फ्लेक्स बांधला होता. त्यावर संभाजीचा पंधरा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर भरपूर केस असलेला फोटो होता आणि खाली ‘पाचशे बळींचा मानकरी’. बूट घालता घालता संभाजीनं तो दोनदा वाचला.

संभाजीचं वय पंचेचाळीस. उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली, आणि या मार्चनंतर पळताना दिसलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. म्हणजे आजची फायनल ही शेवटची मॅच. आज एक बळी मिळाला नाही तर कायमचे चारशे नव्व्याण्णव. बाहेरच्या माणसाला वाटेल, एकानं काय बिघडतं? सत्तावीस वर्षांचे रविवार ज्यानं घालवले त्याला विचारा काय बिघडतं ते.

आकडा पेंडसे सरांचा होता, त्यामुळे त्यात चूक असायचा प्रश्नच नव्हता. दिगंबर पेंडसे हे गणिताचे निवृत्त शिक्षक, क्लबचे स्कोअरर. त्यांना क्रिकेट आवडतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. रकाने मात्र आवडत. संभाजीसाठी त्यांनी एक वेगळी जाड वही केली होती. तिच्यात प्रत्येक फलंदाजाला एक पान : किती चेंडू खेळला, किती धावा केल्या, किती वेळा आउट झाला. आणि शेवटी एक रकाना, ‘लागले’. कुठं लागलं तेही बारीक अक्षरात लिहिलेलं. बरगडी, अंगठा, जबडा. या रकान्याची बेरीज एकशे सदतीस होती. चेंडू लागून बाहेर गेलेला फलंदाज गोलंदाजाच्या नावावर धरत नाहीत, म्हणून त्या बेरजेला कोणी विचारत नसे. संभाजीला खरा अभिमान होता तो तिचाच. बळी नशिबानंही मिळतो, पण चेंडू हाडावर बसल्याचा तो कोरडा आवाज नशिबानं मिळत नाही. तो आवाज आला की त्याला अगदी पोटातून आनंद होई, आणि हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्या वहीतलं एक पान मात्र तो उघडत नसे. ते विश्रांतवाडीच्या संघातल्या अभयचं होतं. एकतीस डाव, चारशे बारा चेंडू, एकशे अठ्ठ्याऐंशी धावा, आउट शून्य. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. पोरसवदा फिरकी गोलंदाजांनी त्याला आउट केलं होतं, तो धावबाद झाला होता, पण संभाजीला त्यानं विकेट दिली नाही. ‘लागले’च्या रकान्यात अकरा होते.

अभय सरकारी कचेरीत कारकून होता, अंगानं काडी आणि बोलायला महाग. चेंडू लागला की माणसं उड्या मारतात, बॅट फेकतात, आईला हाका मारतात. हा हातमोजा नीट करायचा आणि परत उभा राहायचा. दहा वर्षांपूर्वी संभाजीनं त्याची हनुवटी फोडली होती. दात खालच्या ओठातून आरपार गेला होता आणि शर्ट छातीपर्यंत लाल झाला होता. सात टाके घालून तो दोन तासांत परत आला आणि नाबाद राहिला. संध्याकाळी टपरीवर, तोंडाच्या एका बाजूनं चहा ओढत, तो संभाजीला म्हणाला होता, “आजचा बरा होता.” त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. ते वाक्य संभाजीच्या पोटात दहा वर्षं सडत होतं.

फायनलमध्ये वारज्यानं दोनशे चार धावा केल्या आणि दुपारी विश्रांतवाडीचे फलंदाज मैदानात आले. खेळपट्टी म्हणजे सिमेंटवर अंथरलेली मॅट; तिच्यावर आपटलेला चेंडू अंगावर येतो. पहिला बळीचा बकरा शौनक नावाचा, नवं हेल्मेट घातलेला आयटीतला मुलगा. संभाजीचा तिसराच चेंडू त्याच्या बरगडीत घुसला. शौनक गुडघ्यांवर बसला आणि सकाळचे पोहे मॅटवर ओकला. नंतर आलेल्या दिग्विजयचा अंगठा चेंडू आणि बॅटची मूठ यांच्यामध्ये चिरडला. हातमोजा काढला तर नख लोंबत होतं आणि आत पांढरं हाड दिसत होतं. दिग्विजय मटकन खाली बसला, त्याला रिक्षात घालून नेलं. संभाजीला तो आवाज दोनदा ऐकायला मिळाला, पण बळी एकही नाही. एक झेल कॅप्टन राजसनंच सोडला. राजस सत्तावीस वर्षांचा, संभाजीला काका म्हणणारा. नऊ ओव्हर झाल्या, संभाजीच्या नावापुढे शून्य होतं आणि समोर अभय अठ्ठावन्नवर खेळत होता.

राजसनं संभाजीची दहावी, शेवटची ओव्हर मुद्दाम राखून ठेवली होती. चेंडू हातात देताना तो नुसता फ्लेक्सकडे बघून हसला. संभाजीला हसू आलं नाही. त्याच्याकडे आता सहा चेंडू उरले होते.

पहिला चेंडू अभयच्या फासळीवर बसला. अभयनं हातमोजा नीट केला. दुसऱ्यावर त्यानं मिडविकेटवरून चौकार मारला. तिसरा नाकासमोरून सणसणत गेला आणि अंपायर सीतारामभाऊंनी बाऊन्सर एक झाला म्हणून बोट दाखवलं. चौथा बुंध्यात टाकलेला, तो त्यानं कसाबसा अडवला. पाचवा कोपरावर बसला. बॅट हातातून गळून पडली आणि बोटं आपोआप आखडली. अभयनं डाव्या हातानं बॅट उचलली. संभाजी चालत त्याच्यापर्यंत गेला, श्वास लागेल इतका जवळ.

“घरी जा, अभय. मुलगी वाट बघत असेल.”

“एकच राहिलाय ना?” अभय म्हणाला.

संभाजी धावायला लागला तेव्हा त्यानं गळा नेमला होता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चेंडू त्यानं जीव खाऊन आखूड आपटला. वीस वर्षांपूर्वी असा चेंडू डोक्यावरून हातभर उंच गेला असता, आणि अभय त्याच चेंडूखाली वाकला. पण संभाजी म्हातारा झाला होता आणि त्याचा चेंडूही. तो उसळलाच नाही. बसका आला आणि डाव्या कानामागे, जिथं हेल्मेट संपतं तिथं लागला. आवाज नेहमीचा नव्हता. नारळ फरशीवर आपटावा तसा तो ओला आवाज आला.

अभय सरळ उभा राहिला. काहीतरी विसरल्यासारखा वळला, दोन पावलं मागं गेला आणि स्टंपांवर बसला. मधला स्टंप वाकला, बेल्स पडल्या, आणि तो डाव्या कुशीवर कलंडला. कानातून आलेलं रक्त कॉलरमध्ये शिरलं आणि तिथून मॅटवर.

यष्टिरक्षक धावला, स्लिपमधले धावले, तंबूतून पाण्याच्या बाटल्या घेऊन माणसं पळाली. आता क्रिकेटमध्ये एक चमत्कारिक नियम आहे. फलंदाज स्वतः स्टंपांवर पडला तर तो आउट, आणि बळी गोलंदाजाचा. मात्र कोणीतरी विचारल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही. अपील करावं लागतं. त्या मैदानावर कोणालाच ते सुचलं नव्हतं. संभाजी एकटा जागेवर उभा होता. तो मागं वळला आणि त्यानं विचारलं, “हाऊज दॅट?”

सीतारामभाऊ अभयकडे पळायला निघाले होते. ते थांबले.

“काय म्हणालात आपण?”

त्यांनी ऐकलं होतं. बॅटची पुसटशी कड ज्याला ऐकू येते त्या माणसाला शेजारचं बोलणं ऐकू येत नाही असं होत नसतं. ते संभाजीला सोडवत होते. नुसतं ‘काही नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. संभाजीनं अभयकडे बघितलं. अभयची टाच मॅटवर थडथड उडत होती. त्याच्याभोवतीची माणसं ओरडत होती, कोणीतरी गाडी आणा म्हणत होतं. संभाजीच्या डोक्यात त्या क्षणी फ्लेक्स नव्हता, पाचशेही नव्हते. तिथं वहीचं ते पान होतं आणि त्यावरचं शून्य.

“हाऊज दॅट!” तो ओरडला. मैदानाच्या कडेपर्यंत जाईल इतका मोठ्यानं.

सीतारामभाऊंनी त्याच्याकडे न बघता बोट वर केलं आणि ते पळत गेले.

अपील मागे घ्यायचा अधिकार कॅप्टनला असतो. अभयला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा राजस पांढराफटक चेहरा घेऊन आला आणि म्हणाला की काका, मी विथड्रॉ करतो. संभाजी चेंडू पँटला घासत राहिला. तू कॅप्टन आहेस, तुला वाटेल ते कर, असं म्हणाला, पण असं काही म्हणाला की पोराचा धीर झाला नाही. मॅच वारज्यानं एकोणीस धावांनी जिंकली. सत्कार पुढच्या महिन्यावर ढकलला, आणि आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी तो फ्लेक्सवरच्या फोटोला घालून टाकला. येणाऱ्याजाणाऱ्यानं हात जोडायचे तेवढे बाकी राहिले.

पेंडसे सरांनी सगळं लिहिलं. आउट एक. लागले चौदा. मग वही मिटून त्यांनी संभाजीच्या हातात दिली. ही आता तुमच्याकडेच असू द्या, मला घरात नको, असं म्हणाले आणि स्कूटर काढून गेले.

अभय आठ दिवस अतिदक्षता विभागात होता. कवटीला तडा गेला होता, डावा कान कायमचा गेला. संभाजी रोज हॉस्पिटलात जाऊन खाली बाकावर बसे. भेटणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगे : तोंडातून निघून गेलं हो, सत्तावीस वर्षांची सवय. लोक मान हलवायचे. खेळाडू माणूस, होतं असं, म्हणायचे. अभयची बायको कल्याणी तर एकदा स्वतःच त्याला म्हणाली की भाऊ, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही काय मुद्दाम केलं का? हे ऐकून संभाजी रडला. ते रडणं खरं होतं. सांगत होता ते खोटं होतं. एकाच माणसाला दोन्ही जमतं. सीतारामभाऊ कुठं काही बोलले नाहीत.

नवव्या दिवशी अभयला वॉर्डात हलवलं आणि कल्याणी संभाजीला वर घेऊन गेली. तिनं थर्मासमधला चहा कपात ओतून त्याच्या हातात दिला आणि उजव्या बाजूला बसा म्हणाली, इकडच्या कानानं ऐकू येतं. अभयचं डोकं पट्ट्यांत बांधलं होतं. तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. संभाजीनं नऊ दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं. तोंडातून निघून गेलं, अभय. सवय.

अभय छताकडे बघत होता. बोलायला त्याला कष्ट पडत होते, शब्द सुटे सुटे येत होते.

“मी पडलो होतो. बेशुद्ध नव्हतो. दोनदा आला तुझा आवाज.”

संभाजीनं चहाचा घोट घेतला.

“पहिल्यांदा सवयीनं असेल. दुसऱ्यांदा?”

कल्याणी पाण्याची बाटली भरत होती, ती थांबली. दुसऱ्यांदाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. संभाजीला अजून खोटं बोलता आलं असतं. तुला भास झाला, डोक्याला लागलं होतं, असं म्हणता आलं असतं, आणि सगळ्यांनी तेच मानलं असतं. पण एकोणीस वर्षं जो माणूस त्याच्यासमोरून हलला नव्हता तो आत्ताही हलत नव्हता.

“दुसऱ्यांदा तुला बघून विचारलं,” संभाजी म्हणाला. “रक्त दिसत होतं मला. तुझा पाय उडत होता, तोही दिसत होता. तू आउट व्हायला हवा होतास.”

“मग तसंच सांग सगळ्यांना,” अभय म्हणाला. “कोणाच्या सवयीनं आउट झालो असं माझ्या मुलीला कळायला नको.”

त्यानं डोळे मिटले. कल्याणी पलंगाला वळसा घालून आली. तिनं संभाजीच्या हातातला अर्धा कप काढून घेतला, बेसिनमध्ये ओतला, नळ सोडून कप दोनदा विसळला आणि पालथा घातला.

“या आता आपण,” ती म्हणाली.