आभाराची चिठ्ठी

चर्चच्या दाराशी टेबलावर दोन डबे ठेवलेले असत. एकावर 'प्रार्थना विनंती' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'उपकारस्तुती', म्हणजे मिळालेल्याचे आभार. आपापली चिठ्ठी टाकायची आणि उपदेशाआधी पाळकसाहेब ती वाचून दाखवायचे. भांडुपच्या या मंडळीत हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्यात पुढे आणखी एक चाल पडली होती. ज्याचा विश्वास मोठा, तो आजारपण चालू असतानाच उपकारस्तुतीच्या डब्यात चिठ्ठी टाकायचा. अजून मिळालेलं नाही, पण मिळालंच असं धरून आभार मानायचे.

त्या रविवारी काशीराम साळवे टेबलापाशी नुसता उभा होता. हातात त्याच्या मुलीची, सईची चिठ्ठी होती. 'माझ्या बाळाला स्वतःचा श्वास दिल्याबद्दल प्रभूचे उपकार.' बाळ नऊ दिवसांचं. दोन महिने आधीच, सिझर करून काढलेलं. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं, आणि आज साडेदहाला डॉक्टर त्याच्या घशातली नळी काढून बघणार होते.

"कुठल्या डब्यात टाकायची ते सांगितलंय ना सईने?" मागून वसुधा म्हणाली. ही त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण.

"सांगितलंय."

"मग टाका की दाजी. मागे लाईन लागलीये, रेशनचं दुकान झालंय नुसतं."

काशीरामने चिठ्ठी विनंतीच्या डब्यात टाकली.

वसुधा बघतच राहिली. "हे काय केलंत? पोरीने विश्वासाने लिहिलंय."

"मिळालं नाही ते मागायचं असतं."

"ताईच्या वेळी तर तुम्हीच आभार मानले होते."

"म्हणूनच," काशीराम म्हणाला आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

गेल्या वर्षी सुलक्षणाच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'माझ्या पत्नीला पूर्ण बरं केल्याबद्दल.' लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे दोन महिने कोणीही विचारलं की सुलक्षणा म्हणायची, "प्रभूच्या कृपेने बरी आहे." ती बरी नव्हती. कळ पुन्हा सुरू झाली होती, आणि ती भिंतीकडे तोंड करून पदर दातात धरायची. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात त्याने विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या लोकांत आभार मानले होते. तुम्हाला खोटं कसं पाडू?"

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सईलाही नाही. एके काळी मंडळीत गाणं तोच उचलायचा. सुलक्षणाला माती दिल्यापासून तो दर रविवारी यायचा, गाण्याला सगळ्यांबरोबर उभा राहायचा, पण तोंड उघडायचा नाही. देव नाही असं त्याला कधी वाटलं नाही. देवाशी बोलायला तोंड राहिलं नाही, एवढंच.

पाळकसाहेबांनी विनंत्या वाचल्या. सईची वाचली, तेव्हा 'दिल्याबद्दल' या शब्दाशी ते जरा अडखळले आणि "द्यावा म्हणून" असं म्हणून पुढे गेले. अकरा वाजून दहा मिनिटांनी काशीरामच्या हातातला फोन थरथरला. तो बाहेर आला.

"बाबा, नळी काढली होती," जावई बोलत होता, निहार. "वीस मिनिटं घेतला त्याने श्वास. मग निळा पडायला लागला. परत घातली."

"सई कुठाय?"

सईनेच फोन ओढून घेतला. "बाबा, चिठ्ठी वाचली?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. तेही खोटं नव्हतंच. पण तिने काय विचारलंय ते त्याला कळत होतं.

"वाचली. पण मी ती विनंतीच्या डब्यात टाकली होती."

मग ती म्हणाली, "म्हणून झालं हे," आणि फोन कट झाला.

रिक्षा नाहूरच्या पुलावर चढून अडकली. काशीराम मनातल्या मनात देवाला नाही नाही ते बोलत होता. आपल्या हाताने बायको गप्प केली, आता नातू गेला तर पोरगी जन्मभर तोंड बघणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काका, हॉर्न वाजवून काय उपयोग नाय." काशीराम रिक्षातून उतरला आणि पुढचं अंतर चालत गेला.

सई बाळांच्या आयसीयूबाहेर बाकड्यावर बसली होती. मे महिना, आणि अंगावर शाल. तिने वर बघितलं नाही.

"सगळे टाकतात तसं टाकायला काय झालं होतं तुला?"

"तुझ्या आईमुळे नाही टाकली."

"आईचं काय मध्येच?"

मग त्याने सांगितलं. दोन महिने, पदर, भिंत, शेवटचं वाक्य. सांगताना तो थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू झाला नसता. निहार कागदी कपात चहा आणत होता, तो तिथेच उभा राहिला.

"तेव्हा मी चिठ्ठी टाकली ती काही विश्वासाने नाही," काशीराम म्हणाला. "मला भीती वाटत होती. आभार मानले की देवाला द्यावंच लागेल, असं वाटलं. त्याला बांधायला गेलो, आणि बांधली गेली ती."

सईने शाल आणखी घट्ट ओढली. तिचे दात वाजत होते. काशीरामने तिचा हात हातात घेतला. हात तव्यासारखा तापला होता.

"सई, ताप आहे तुला?"

"बरी आहे मी."

"सई."

तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी व्हायचं तसं. "परवापासून. टाक्यांतून पाणी येतंय. घाण वास येतोय. मी म्हटलं, सांगितलं तर तुम्ही लोक मला घरी झोपवाल, बाळाजवळ बसू देणार नाही. आणि सगळे विचारतात तेव्हा मी सांगते ना, प्रभूच्या कृपेने…"

निहारने चहा बाकड्यावर ठेवला. तो नर्सला आणायला पळाला.

पुढचा तास धावपळीत गेला. व्हीलचेअर आली, रक्त घेतलं, सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी टाके बघितले आणि निहारला चांगलं झापलं. "दोन दिवस काय करत होतात? जंतू रक्तात गेले असते तर हिलाच आयसीयूत टाकावं लागलं असतं. वेळेत आणलंत एवढंच." त्यांनी सईला तिथेच ॲडमिट करून घेतलं. बाळ वरच्या मजल्यावर, आई खाली. नळीचं पुन्हा चार दिवसांनी बघू, असं वरच्या डॉक्टरांनी कळवलं. खात्री मात्र कसलीच दिली नाही.

दुपारी वॉर्डात पंखा घरघरत होता. सई छताकडे बघत म्हणाली, "बाबा, आता आभार कशाचे मानायचे? तो तसाच, मी ही अशी."

काशीरामला पाळकांसारखं बोलता येत नव्हतं. त्याने स्टूल खाटेजवळ ओढलं.

"मिळालेल्याचे नको मानायला," तो म्हणाला. "तुझी आई गेली तेव्हाही देव होता. मीच तोंड फिरवून बसलो होतो. आज सकाळी रिक्षात मी त्याला काय काय बोललो ते तुला सांगण्यासारखं नाही. तरी त्याने ऐकून घेतलं. असा आहे तो. मग तो आहे म्हणूनच मानू."

"आणि बाळ?"

"बाळ मागू. रोज मागू. मागायची लाज नाही."

सईने डोळे मिटले. "मग गा. आई असताना गायचास ते."

त्याने गायला सुरुवात केली. दहा महिने बंद असलेला गळा, पहिल्या ओळीला नुसतीच खरखर आली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली. नर्स दारात आली, ऐकून गेली. देवा, तू भला आहेस, एवढंच त्या गाण्यात होतं, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटला, तशी सईने बारीक आवाजात पुढची ओळ उचलली. अर्ध्यावर तिला कळ आली आणि ती थांबली.

"दुखतंय बाबा. खूप दुखतंय."

काशीरामने नर्ससाठीची घंटा दाबली, तिचा हात धरला, आणि उरलेली ओळ म्हणायला लागला.