थर्मामीटरचा शब्द

आमचे हे शीतगृहात तापमान सांभाळतात. फळांच्या खोल्या, भिंतीवर मीटर, आणि काटा वर सरकला की घंटा. घंटा वाजली की हे धावत सुटतात. ती वाजेपर्यंत मात्र छत कोसळलं तरी जागचे हलायचे नाहीत. अशा माणसाच्या हाती डॉक्टरीणबाईंनी माझं तापमान दिलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच.

आम्हाला मूल हवं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि दोष कुणात आहे हे सासूबाई आता पाहुण्यांसमोरही बोलून दाखवत. औषधं, सुया नंतर बघू, आधी निसर्गाच्या कलानं घेऊ, असं आम्ही ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. सकाळी उठण्याआधी तापमान घ्यायचं, स्रावाकडेही लक्ष ठेवायचं. तो पातळ, निसरडा झाला की मूल राहायचे दिवस आले म्हणायचे. बीज सुटलं की तापमान किंचित वाढतं. 'वाढतं' या शब्दाला ह्यांनी कान टवकारले. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर रोज माझे डोळे उघडायच्या आत तोंडात थर्मामीटर. कपाटाच्या दाराला आलेख चिकटवलेला. मला अंगाची खूण कळायची. लाजत का होईना, मी सांगायचे की आज दिवस चांगला वाटतोय. हे प्रेमानं माझ्या डोक्यावर हात फिरवत आणि म्हणत, रेघ अजून सपाट आहे, उगाच घाई कशाला. आणि कूस बदलून घोरायला लागत. मग रेघ चढली की काय ती लगबग! अर्ध्या दिवसाची रजा, अंघोळ, भांग. मला हसूही यायचं आणि रडूही.

असं वर्ष गेलं. आता मोठ्या तपासण्या करायच्या असं ठरलं. सगळ्या माझ्याच, कारण ह्यांची रेघ तर बिनचूक होती. सासूबाई तर माझ्याशी बोलेनाशाच झाल्या. आपलंच शरीर खोटं, असं मलाही वाटायला लागलं होतं.

तपासण्या लिहून देण्याआधी डॉक्टरीणबाईंनी आलेख मागितला. चढलेल्या रेघेवर ह्यांनी अभिमानानं केलेल्या खुणा त्या बघत राहिल्या.

"तुम्हाला मूल नकोय का?" त्यांनी विचारलं.

हे गोंधळले. मग बाईंनी सांगितलं की रेघ चढते ती बीज सुटून गेल्यावर, आणि बीज जेमतेम दिवसभर टिकतं. मूल राहायचे दिवस असतात ते त्याच्या आधीचे. ज्यांना मूल नको असतं ते रेघ चढून चांगली स्थिरावायची वाट बघतात, आणि इतक्या शिस्तीनं ती वाट बघणारं जोडपं त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं.

आम्ही घरी आलो. दारातच सासूबाईंनी विचारलं, काय निघालं हिच्यात? मी खाली मान घालून चपला काढत होते. हे आता सगळं थर्मामीटरवर ढकलणार, याची मला खात्री होती.

"हिच्यात काही नाही, आई. ही दर महिन्याला मला वेळेवर सांगत होती. मीच ऐकलं नाही."

माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्या बाजूनं उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि थोडा विचार केला.

"मग तू जरा मोठ्यानं सांगायचं होतंस," त्या मला म्हणाल्या.