बोंबलाचं पार्सल

"तिसऱ्यांदा!" वकील रुचिता मॅडमनी परत आलेला लिफाफा उर्मिलेच्या हातात ठेवला. "सदर इसम या पत्त्यावर राहत नाही. बघा, शेरासुद्धा तोच."

ठाण्याच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर उर्मिला लिफाफा उलटसुलट करत बसली. तिचा नवरा सूरज सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंदूरला गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. घटस्फोट हवा तर घे, म्हणाला. पण पोटगीचं नाव काढलं मात्र, गड्यानं फोन बदलला, खोली बदलली, नोकरीसुद्धा बदलली. माणूस इतका चलाख निघेल असं लग्नात कुणाला वाटलं होतं हो? तेव्हा तर भटजींनी सांगायच्या आधीच त्यानं हार घातला होता.

"मॅडम, आता काय?"

"नोटीस त्याच्या हातात पडल्याशिवाय केस सरकत नाही. पुढच्या तारखेला खरा पत्ता दिला नाहीत, तर अर्ज काढूनच टाकतील. सासूबाई तुमच्याकडेच असतात ना? त्यांना विचारा की."

"विचारून थकले. त्यानं शपथ घातलीय म्हणतात."

खरं तर सासूबाई उर्मिलेकडे नव्हत्या, उर्मिलाच सासूबाईंकडे होती. सिल्व्हर पार्कमधलं ते वन रूम किचन आनंदीबाईंच्या नावावर. उर्मिला दवाखान्यात केसपेपर काढायची, त्या पगारात मीरा रोडला भाड्याची खोली मिळणं दूरच. इकडे आनंदीबाईंचे गुडघे गेलेले, सुनेशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. ज्यानं दोघींना वाऱ्यावर सोडलं त्याच्या आईचे पाय उर्मिला रोज संध्याकाळी तेलानं चोळायची, आणि चोळताचोळता तिचा जीव गुदमरायचा. बॅग भरावी आणि चालू पडावं. पण जायचं कुठे? माहेरी भावजयीनं केव्हाच हात वर केले होते.

बस काशिमीऱ्याला पोचली तेव्हा फोनवर मेसेज आला. तुमचं पार्सल इंदूरला पोचलं, घेणाऱ्यानं सही केली. उर्मिलेनं तो दोनदा वाचला. तिनं कसलंच पार्सल पाठवलं नव्हतं. ती घरी न जाता तडक, मेसेजखाली नाव होतं त्या निकेतच्या कुरियरच्या दुकानात गेली.

"आजी आल्या होत्या ना सोमवारी, रिक्षा करून," निकेत म्हणाला. "दरवर्षी येतात. म्हणाल्या, मसाला आहे. म्हटलं आजी, तुमच्या मसाल्याला बोंबलाचा वास कसा काय येतोय? तर म्हणतात, तू तुझं काम कर!"

त्यानं कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. नाव, घर नंबर, गल्ली, सगळं स्वच्छ लिहिलेलं. खाली सही. 'सू'च्या ऊकाराची ती लांबलचक शेपटी उर्मिलेनं झोपेतही ओळखली असती. वा रे पठ्ठ्या! कोर्टाची नोटीस घ्यायला हा घरी नसतो, सुके बोंबील घ्यायला बरा सापडला!

"याची प्रिंट मिळेल?" तिनं विचारलं.

घरी आनंदीबाई पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. उर्मिलेनं चपला काढायच्या आधीच पावती त्यांच्यापुढे धरली.

"आई, मला पत्ता सांगायला शपथ आडवी येते! दोन वर्षं मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेय, आणि तुम्ही त्याला बोंबील पाठवताय?"

"आवडतात गो त्याला." म्हातारीनं मान वर केली नाही. "तिकडं समुद्र न्हाय."

"आणि मी? मी कुणीच नाही?"

"शपथ घातलीन त्यानं. तुझ्या तोंडून पत्ता गेला तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणाला. आई हाय मी. कशी बोलू?"

उर्मिलेला रडूच फुटलं, रागानं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं.

"पण पार्सलवर माझा नंबर कसा? तुमच्याकडे फोन आहे ना?"

"हाय की. दरवर्षी माझाच देते." आनंदीबाईंनी लसणीची सालं मुठीत गोळा केली. "यंदा तुझा दिला. तोंडानं न्हाय ना बोलले मी?"

उर्मिला त्यांच्याशेजारी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"नोटीस गेली की त्याला कळेल, आई. पत्ता कुठून फुटला ते."

"कळंल की. तो काय खुळा हाय?"

"पुन्हा बोलणार नाही तुमच्याशी."

"न्हाय बोलणार. बोंबीलपण न्हाय घेणार."

भिंतीला धरून आनंदीबाई उठल्या. उर्मिलेनं सवयीनं हात पुढे केला, त्यांनी सवयीनं धरला. दाराच्या खुंटीला एक कापडी पिशवी होती. दर जानेवारीत उत्तनजवळच्या चौक गावाला रिक्षानं जाऊन त्या हिच्यातूनच बोंबील आणायच्या, आणि पार्सल गेलं की पुढच्या सालासाठी ती धुऊन, उन्हात वाळवून ठेवायच्या. यंदाही धुतली होती. त्यांनी ती काढली, पोटाशी धरून हातानं सारखी केली आणि सुनेकडे दिली.

"कोर्टाचे कागद ठेव हिच्यात. वास गेलाय तिचा."

उर्मिलेनं पावती घडी करून आत ठेवली. वास काही गेला नव्हता.